चार दिवस आणि तीन वर्षं

परवा रात्री दहाला बहिणीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, त्यामुळे छातीत धस्सच झालं. तिची लेक, म्हणजे माझी भाची, एकोणीस वर्षांची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातला एक मुलगा, ओळख जेमतेम चार महिन्यांची, आणि आता म्हणे शिक्षण राहू दे, लग्नच करायचं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मावशीचं ती ऐकते, तेव्हा हे प्रेम नाही, नुसतं आकर्षण आहे, हे तूच तिला समजावून सांग, असं बहिणीचं म्हणणं.

मी हो म्हणून बसले. कधीकाळी इंग्रजी साहित्य शिकले होते, त्या जोरावर मनातल्या मनात भाषणही तयार केलं. रोमिओ-ज्युलिएटचं उदाहरण द्यायचं ठरवलं. रविवारी रात्री भेट, सोमवारी चोरून लग्न आणि गुरुवारी पहाटे दोघांची प्रेतं. पाहिलंस ना, आंधळ्या प्रेमाचं काय होतं ते! पण बोलण्याआधी एकदा वाचून घ्यावं म्हणून कपाटातून नाटक काढलं, सोबत शेक्सपिअरचं चरित्रही काढलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, माझं भाषण तिथेच फसलं.

विल्यम शेक्सपिअरचा जन्म १५६४ सालचा, एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्ड गावातला. वडील हातमोजे शिवायचे, एकेकाळी गावचे कारभारीही होते. पोरगा अठरा वर्षांचा असताना मैलभरावरच्या शॉटरी गावातल्या ॲन हॅथवेच्या प्रेमात पडला. ती सव्वीस वर्षांची होती, वडिलांचं छत्र नुकतंच हरपलेलं. १५८२ च्या नोव्हेंबरात दोघांचं लग्न झालं, तेही घाईघाईनं. एरवी चर्चमध्ये लग्नाची घोषणा तीनदा व्हायची. यांनी ती एकदाच करण्याची परवानगी मागितली आणि त्यासाठी शॉटरीचे दोन शेतकरी चाळीस पौंडांना जामीन राहिले. घाईचं कारण पुढच्या मे महिन्यात सगळ्या गावाला कळलं, कारण थोरली सुझाना तेव्हा जन्मली. १५८५ मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी झाली. एकविसाव्या वर्षाच्या आत तीन लेकरांचा बाप! आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर वाड्यातल्या बायकांनी काय काय बोललं असतं, ते सांगायला नको.

पुढे तो लंडनला गेला, बायकामुलं गावीच राहिली. १५९२ पासून प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं जवळजवळ दोन वर्षं बंद होती. ती पुन्हा उघडल्यावर, १५९५ च्या सुमारास, त्यानं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लिहिलं. गोष्ट त्याची स्वतःची नव्हती. आर्थर ब्रुक नावाच्या कवीनं १५६२ मध्ये तीच कथा दीर्घ काव्यात सांगितली होती. त्या ब्रुकनं सुरुवातीलाच वाचकांना दम भरला होता, की आईबापांचं न ऐकणाऱ्या पोरांचं असंच होतं. म्हणजे थेट माझं भाषण! शेक्सपिअरनं ते प्रवचन काढून टाकलं. महिनोन्‌महिने चालणारी कथा त्यानं चार-पाच दिवसांत कोंबली आणि सोळा वर्षांच्या ज्युलिएटला चौदाच्याही आतली केली. त्या काळच्या इंग्लंडमध्येही साध्या घरातल्या मुलींची लग्नं विशी उलटून बऱ्याच उशिरा होत. म्हणजे हे वय तेव्हाच्या प्रेक्षकांनाही खटकलं असणार. लग्नातली घाई काय असते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आपण सगळे एक गोष्ट विसरतो. नाटक सुरू होतं तेव्हा रोमिओ ज्युलिएटसाठी नाही, रोझलिन नावाच्या मुलीसाठी झुरत असतो. ही रोझलिन नाटकभर एक अक्षरही बोलत नाही. रोमिओ बोलतो ते सगळं स्वतःच्याच दुःखाबद्दल. ती कशी आहे, तिला काय हवंय, याचा पत्ता नाही. ज्युलिएट भेटते तेव्हा मात्र समोरून उत्तर येतं. ही पोर सगळं फार घाईचं होतंय हे स्वतःच बोलून दाखवते, लग्नाचा विषय स्वतः काढते आणि उद्या निरोपासाठी माणूस किती वाजता पाठवायचा तेही विचारते. मला वाटतं, आकर्षण आणि प्रेम यांतला फरक त्यानं इथे दाखवलाय. आकर्षणात माणूस एकटाच बोलत असतो. प्रेमात दुसऱ्याचं ऐकावं लागतं आणि उद्याचा विचार करावा लागतो.

मग तरी ती दोघं मेली का? कारण घरात बोलायची सोय नव्हती. बापानं घराबाहेर काढण्याची धमकी दिली, आईनं पाठ फिरवली, दाईनं पहिला नवरा विसरून दुसरा करायला सांगितलं. सबुरीचा सल्ला देणाऱ्या पाद्रीबुवांनीच चोरून लग्न लावलं होतं. हे वाचताना मला बहिणीच्या घरातला तो दोन दिवसांचा अबोला आठवला.

आता चरित्राचा शेवट ऐका. १५९६ मध्ये अकरा वर्षांचा हॅम्नेट गेला. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरनं गावात न्यू प्लेस नावाचं मोठं घर घेतलं. सुझानाचं लग्न १६०७ मध्ये एका डॉक्टरशी झालं. धाकट्या ज्युडिथनं १६१६ च्या फेब्रुवारीत, एकतिसाव्या वर्षी, थॉमस क्विनीशी लग्न केलं. महिनाभरात गावात बातमी फुटली, की क्विनीपासून दिवस गेलेली दुसरीच एक बाई बाळंतपणात बाळासकट दगावली. जावयाला धर्मन्यायालयापुढे गुन्हा कबूल करावा लागला.

बाप तेव्हा आजारी होता. त्यानं २५ मार्चला मृत्युपत्र बदललं. लेकीशी संबंध तोडला नाही, तिला हाकललंही नाही. शंभर पौंड हुंड्यापोटी दिले. आणखी दीडशे ठेवले ते तीन वर्षांनंतरचे. त्यातही मुद्दल हाती द्यायचं नाही, लेकीला व्याज मिळावं. नवऱ्याला त्या पैशाला हात लावायचा असेल तर आधी त्यानं तेवढ्याच किमतीची जमीन तिच्या नावे करावी. त्यानंतर महिनाभरातच, २३ एप्रिलला, तो गेला. बायकोच्या नावे त्याच मृत्युपत्रात घरातला दुसऱ्या प्रतीचा पलंग लिहिला होता, त्यावरून पंडित अजून भांडतात. मी एवढंच पाहते, की घाईत झालेलं ते लग्न तेहेतीस वर्षं टिकलं आणि १६२३ मध्ये ॲन गेली तेव्हा त्याच्याच शेजारी तिला पुरलं.

ज्युडिथनं नवऱ्याला सोडलं नाही. तिची तिन्ही मुलं तिच्याआधी गेली, आणि ती स्वतः सत्त्याहत्तर वर्षं जगली.

नाटकातल्या मुलीला त्यानं चार दिवस दिले, पोटच्या मुलीसाठी तीन वर्षांचा विचार केला. हे ध्यानात आलं आणि मी भाषण गुंडाळून ठेवलं.

रविवारी भाची आली. आल्या आल्याच म्हणाली, की मावशी, तूही ओरडणार असशील तर मी परत जाते. मी पोहे पुढे ठेवले आणि फक्त त्या मुलाबद्दल विचारलं. तो तुझं ऐकतो का? भांडण झाल्यावर पहिला फोन कोण करतं? तू शिक्षण सोडावंस ही कल्पना कुणाची? शेवटच्या प्रश्नाला ती बराच वेळ गप्प बसली. मग पोह्यांकडे बघत हळूच सांगितलं, की त्याची.

मी त्यावर काहीच टीका केली नाही. एवढंच म्हटलं, की प्रेम असेल तर ते डिग्री होईपर्यंत थांबेल, आणि नसेल तर तेही तोवर कळेल. पण भेटायचं ते चोरून नाही. त्याला घरी चहाला बोलव, आम्हा सगळ्यांसमोर.

बहीण माझ्यावर चिडलीय. तुला तोडायला सांगितलं होतं, तू तर त्याला चहाचं आमंत्रण देऊन बसलीस, म्हणते. पण कालपासून मायलेकी एकमेकींशी बोलायला लागल्यात. येत्या रविवारी तो मुलगा चहाला यायचा आहे. येतो की नाही, पाहू या.