मादाम क्यूरींची एक्स-रे गाडी

मादाम क्यूरी म्हटले की रेडियम, एवढे आपणां सर्वांना शाळेपासून पाठ असते. गळक्या शेडमध्ये खनिजाचे रसायन ढवळीत उभी असलेली ती कृश बाई आणि रात्री काळोखात मंद निळसर चमकणाऱ्या काचेच्या नळ्या, हे चित्र पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनावर कायमचे कोरून ठेवले आहे. चित्र खरेच आहे. परंतु मी छत्तीस वर्षे एक्स-रे विभागात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आणि मला त्या बाई अधिक जवळच्या वाटतात त्या १९१४ ते १९१८ या चार वर्षांतल्या. त्या काळाविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. म्हणून चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मागितले, तेव्हा मी हेच लिहावयाचे ठरविले. आधीचा भाग भगिनींना ठाऊक आहे असे समजून झरझर सांगते.

मारिया स्क्वोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. देश रशियाच्या अमलाखाली. वडील गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक. आई क्षयाने गेली तेव्हा मारिया अवघी दहा वर्षांची होती. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा थोरली बहीण ब्रोन्या आणि ती, दोघींनी आपसांत एक करार केला: मारियाने नोकरी करून पैसे पाठवावे आणि ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हावे, मग ब्रोन्याने धाकटीला बोलवावे. करार दोघींनीही पाळला. मारिया खेड्यातल्या एका श्रीमंत घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. भोवताली सारी बीटाची शेते. फावल्या वेळी ती शेतमजुरांच्या मुलांना चोरून पोलिश लिहावाचावयास शिकवी. रशियन सरकारच्या लेखी तो गुन्हा होता. १८९१ मध्ये ती पॅरिसला गेली, १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवीत पहिली आली आणि पुढच्याच वर्षी गणिताच्या पदवीत दुसरी. १८९५ मध्ये पिएर क्यूरींशी विवाह झाला, १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम यांचा शोध लागला आणि १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इरेन आणि एव्ह या दोन मुलीही याच धामधुमीत वाढत होत्या.

१९०६ च्या एप्रिलमध्ये पिएर रस्त्यात मालवाहू घोडागाडीखाली सापडून गेले. त्यांची विद्यापीठातली जागा बाईंना मिळाली. नवऱ्याचे व्याख्यान जिथे थांबले होते तिथूनच त्यांनी पुढे शिकवावयास आरंभ केला. १९११ मध्ये विज्ञान अकादमीचे सभासदत्व मोजक्या मतांनी हुकले. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे नोबेल पारितोषिक आले, पण वर्तमानपत्रांनी त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी इतका चिखल उडविला की त्या अंथरुणाला खिळल्या. मूत्रपिंडाचा विकार बळावला, शस्त्रक्रिया झाली, वर्षभर काम जवळजवळ बंद पडले. यातून सावरून त्यांनी पॅरिसला रेडियम इन्स्टिट्यूट उभी करून घेतली. इमारत १९१४ च्या उन्हाळ्यात पुरी झाली आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. सहकारी, विद्यार्थी, नोकर सारे सैन्यात गेले. कोऱ्या करकरीत प्रयोगशाळेत बाई जवळजवळ एकट्या उरल्या.

सप्टेंबरमध्ये जर्मन सेना पॅरिसच्या जवळ आली. तेव्हा फ्रान्सजवळचे सारे संशोधनाचे रेडियम, वजनाने एक ग्रॅम, शिशाच्या अस्तराच्या जड पेटीत घालून त्या स्वतः आगगाडीने बोर्दोला घेऊन गेल्या, बँकेत ठेवले आणि लगेच पॅरिसला परतल्या. ज्या वस्तूसाठी अर्धे आयुष्य वेचले ती कुलुपात बंद झाली. आता करायचे काय? वय सत्तेचाळिसाला टेकलेले, दोन नोबेल पारितोषिके पदरी. घरी बसून लोकरीचे मोजे विणले असते तरी कुणी बोल लावला नसता.

रणांगणावरून येणाऱ्या जखमींच्या अंगात गोळ्या व बाँबचे तुकडे रुतलेले असत. ते नेमके कुठे आहेत हे न कळल्यामुळे शल्यचिकित्सक अंदाजाने चिरफाड करीत. क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांनी १८९५ मध्येच लावला होता, मोठ्या शहरांतील रुग्णालयांत यंत्रेही होती. पण आघाडीजवळच्या इस्पितळांत ती नव्हती आणि पुष्कळ ठिकाणी वीजच नव्हती. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. क्ष-किरण हा मादाम क्यूरींचा विषय नव्हे. विद्यापीठात त्या त्यांवर व्याख्याने देत असत, एवढाच काय तो संबंध. हाडे कशी दिसतात, माणसाला टेबलावर कसे निजवायचे, नळी किती अंतरावर धरायची, हे त्यांनी पॅरिसमधील एका डॉक्टरांकडून शिकून घेतले. शरीरशास्त्राची पुस्तके उघडली. पुढे मोटार चालविण्यास शिकल्या, १९१६ मध्ये परवानाही काढला. चाक बदलणे, कार्ब्युरेटर साफ करणे, हेही करू लागल्या.

युक्ति साधी होती. मोटारीत क्ष-किरणांचे यंत्र बसवायचे, मोटारीच्याच इंजिनावर डायनामो फिरवून वीज काढायची, आणि जिथे जखमी असेल तिथे यंत्राने जायचे. सरकारी खाते हलेना. तेव्हा पहिल्या गाडीसाठी पैसा कुणी दिला असेल? फ्रान्समधील एका महिला संघटनेने! आपल्यासारख्याच बायकांनी जमविलेला तो निधी. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ही गोष्ट आवर्जून छापली जावी असे मला वाटते. पुढे बाईंनी बड्या घरच्या स्त्रियांचे उंबरे झिजवून मोटारी मागून आणल्या. अशा वीस गाड्या त्यांनी सिद्ध केल्या. सैनिक त्यांना लाडाने छोट्या क्यूरी म्हणत.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी बाई गाडी घेऊन निघाल्या. सोबत चालक, एक यंत्रकारागीर आणि सतरा वर्षांची इरेन. इस्पितळाशी पोचले की खोली निवडायची, खिडक्यांना काळे पडदे लावायचे, घडीचे टेबल मांडायचे, मोटारीतून तार आत ओढून आणायची आणि चालकाने इंजिन चालू ठेवायचे. अर्ध्या तासात सारे तयार. मग एकामागून एक स्ट्रेचर आत येत. बाई नळी जुळवीत, शल्यचिकित्सक पडद्यावर पाही. कधी प्लेट घ्यायची, कधी तिथल्या तिथे आकृती काढून द्यायची. काही वेळा क्ष-किरणांखालीच चिमटा आत घालून तुकडा काढीत. त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी. आत उरलेल्या विरळ वायूवर सारे अवलंबून, आणि तो वापरागणिक बदले. सकाळी जुळविलेले माप दुपारी चुके. कूलिज यांची नवी नळी १९१३ मध्ये अमेरिकेत निघाली होती, तिने हा त्रास पुढे संपविला. आज बटण दाबून बाजूला होणाऱ्या मुलींना त्या खटपटीची कल्पना येणार नाही.

माझ्या नोकरीचा आरंभ १९७४ मध्ये झाला तेव्हा आमची निम्मी हयात डार्करूममध्ये जाई. लाल दिवा, डेव्हलपरची टाकी, मग पाणी, मग फिक्सर, पुन्हा पाणी, आणि शेवटी क्लिपांना टांगून फिल्म पापडासारख्या वाळत घालायच्या. हाताला तो वास कायमचा. मग आपोआप फिल्म धुणारे यंत्र आले, नंतर फिल्मच गेली आणि चित्र संगणकावर उमटू लागले. डार्करूमला कुलूप लागले त्या दिवशी आमच्यातल्या दोघीतिघींच्या डोळ्यांना पाणी आले होते. पन्नाशीच्या बायकांना आता हे कुठले जमायचे, त्यांना फायलींच्या कपाटाशी बसवावे, असा विचार वरच्या मंडळींत चालू होता. आम्ही ड्यूटी संपल्यावर तासभर थांबून, मुलाच्या वयाच्या एका तंत्रज्ञाकडून संगणक शिकलो. त्या दिवसांत मी मादाम क्यूरींचे चरित्र पुन्हा काढून वाचले. शाळेत वाचताना रेडियमवर मन गुंतले होते, या खेपेस मोटारीवर गुंतले. फिल्म गेली तरी मोडलेला हात हलक्याने टेबलावर ठेवणे, घाबरलेल्या पोराला श्वास रोखावयास लावणे, म्हातारीला पाठ टेकवताना मानेखाली हात देणे, यांतले काही गेले नव्हते.

गोळी दिसली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती किती खोल आहे हे चपट्या चित्रावरून कळत नाही. यासाठी एक पद्धत होती. नळी एका जागी ठेवून चित्र घ्यायचे, मग ती ठराविक अंतर सरकवून त्याच प्लेटवर दुसरे. गोळीच्या दोन सावल्या पडतात. घरी करून पाहावे: समई इकडून तिकडे सरकवली की भिंतीलगत धरलेल्या बोटाची सावली जेमतेम हलते, भिंतीपासून दूर धरलेल्या बोटाची पुष्कळ हलते. सावल्यांतले अंतर मोजले की शाळेतल्या समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने खोली मिळते. इरेन अठराव्या वर्षी बेल्जियममध्ये हुगस्टाडे येथील इस्पितळात क्ष-किरण विभाग एकटीने सांभाळीत होती. तिथले एक लष्करी शल्यचिकित्सक हा हिशेब मानावयास तयार नसत. जखमेच्या तोंडातूनच चाचपीत राहत आणि तुकडा काही सापडत नसे. पोरीने दाखविलेल्या बाजूने अखेर चीर दिली आणि तुकडा हाती आला. डॉक्टरांना भूमिती शिकविण्याचा प्रसंग आमच्यापैकी पुष्कळजणींवर आलेला आहे, इतकेच इथे म्हणते.

वीस गाड्यांखेरीज बाईंनी सुमारे दोनशे ठिकाणी कायमचे क्ष-किरण कक्ष बसविले. युद्धकाळात या साऱ्या केंद्रांतून दहा लाखांहून अधिक जखमी तपासले गेले. स्वतः बाई तार आली की रात्री-अपरात्री निघत. १९१५ मध्ये एकदा गाडी खड्ड्यात उलटली आणि पेट्या अंगावर कोसळल्या. घरी येऊन त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

यंत्रे मिळाली, चालविणारी माणसे मिळेनात. पुरुष खंदकांत. तेव्हा १९१६ पासून बाईंनी पॅरिसमध्ये स्त्रियांसाठी वर्ग काढला. वीज, क्ष-किरण, शरीररचना आणि प्रत्यक्ष काम, असा अभ्यासक्रम. शिकविणाऱ्यांत इरेनही होती. काही शिकणाऱ्या परिचारिका होत्या, काहींचे शालेय शिक्षण अगदी बेताचे. अशा सुमारे दीडशे स्त्रिया तयार होऊन आघाडीच्या इस्पितळांत गेल्या. पदार्थविज्ञानाची दोन पदकांची विदुषी फळ्यापाशी उभी राहून मोलमजुरीच्या घरातल्या मुलीला विद्युत्प्रवाह समजावून सांगते आहे, हे दृश्य मला त्या शेडपेक्षाही मोठे वाटते. आमच्या धंद्याची कुळी शोधू गेले तर ती त्या वर्गाशी जाऊन पोचते. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, घरी जावयाची वाट पाहणारे काही अमेरिकन सैनिकही रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये हेच शिकून गेले.

बोर्दोचे रेडियम १९१५ मध्ये परत आणले होते. त्यातून निघणारा वायु बाई बारीक काचेच्या नळ्यांत कोंडून इस्पितळांना पाठवीत. जुने व्रण व त्वचेचे विकार यांच्या उपचारासाठी तो वापरीत. ही कामगिरी त्या बहुधा स्वहस्ते करीत. या साऱ्या अनुभवावर त्यांनी १९२१ मध्ये क्ष-किरण आणि युद्ध या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात यंत्रे आहेत, पद्धती आहेत, स्वतःची बढाई शोधून सापडत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमवून एक ग्रॅम रेडियम घेतले आणि ते राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते बाईंना दिले. पुन्हा बायकांचीच वर्गणी! दुसऱ्या फेरीतील निधीतून वॉर्साच्या नव्या रेडियम संस्थेला रेडियम मिळाले. ती १९३२ मध्ये उघडली आणि तिची संचालिका झाली ब्रोन्या.

किंमत मात्र द्यावी लागली. गाड्यांतून काम करताना संरक्षण तुटपुंजे असे. आम्ही शिशाचा एप्रन घालून काचेआड उभ्या राहत असू, छातीवर किरणांचे माप घेणारा बिल्ला लावीत असू आणि ठराविक मुदतीने तो तपासणीस जाई. त्यांच्यापाशी असे माप नव्हते. १९२० नंतर बाईंना मोतीबिंदूने घेरले, शस्त्रक्रिया झाल्या. व्याख्यानाची टिपणे मोठाल्या अक्षरांत लिहून आणि उपकरणांच्या मापांवर रंगीत खुणा करून त्या काम रेटीत राहिल्या. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने त्यांचे देहावसान झाले. इरेनला पुढच्याच वर्षी पतीसह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५६ मध्ये तीही रक्ताच्या कर्करोगाने गेली.

१९९५ मध्ये फ्रान्सने पती-पत्नींचे अवशेष थोरांच्या समाधिस्थानी, पाँतेआँमध्ये, नेले. त्या वेळी तज्ज्ञांनी मोजमापे घेतली. बाईंच्या शवपेटीतील किरणोत्सर्ग अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला. त्यावरून त्यांनी असे मत दिले की मादाम क्यूरींचा आजार रेडियमपेक्षा युद्धातल्या त्या क्ष-किरणांमुळे ओढवला असण्याचा संभव अधिक आहे.