गिलोटिन नावाचा माणूस

इतिहास बहुतेकांची नावे पुसून टाकतो. पण काहींची नावे तो अशा जागी कोरतो की, पुसली गेली असती तर बरे झाले असते, असे वाटावे. डॉ. जोसेफ इग्नास गिलोटिन हे असेच एक दुर्दैवी नाव. फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की दोन उभ्या खांबांमधून खाली कोसळणारे तिरके पाते डोळ्यांपुढे येते, आणि त्या पात्याबरोबर हे नावही येते. हे यंत्र त्यांनीच बनवले आणि अखेर त्याच यंत्राखाली त्यांची मान गेली, अशी समजूत जगभर रूढ आहे. प्रत्यक्षात यातले काहीच खरे नाही. यंत्र त्यांनी बनवले नाही आणि त्याखाली ते मेलेही नाहीत. ते होते एक सरळमार्गी वैद्य. माणसाला मारायचेच असेल तर निदान हाल करून मारू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या साध्या वाटणाऱ्या म्हणण्याचे पुढे काय झाले, याची ही कहाणी आहे.

डॉ. गिलोटिन यांचा जन्म २८ मे १७३८ रोजी पश्चिम फ्रान्समधील सँत या गावी झाला. चाकावर बांधून हाडे मोडल्या जाणाऱ्या एका गुन्हेगाराच्या किंकाळ्या ऐकून त्यांची आई अवेळी प्रसूत झाली, अशी एक दंतकथा सांगितली जाते. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण तशा किंकाळ्या त्या काळी दुर्मिळ नव्हत्या, एवढे मात्र खरे. तरुणपणी ते जेझुइट पंथाच्या छत्राखाली शिकले आणि बोर्दो येथे अध्यापनही करू लागले. मात्र धर्मसेवेत त्यांचे मन रमले नाही. त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १७७० च्या सुमारास पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाची पदवी मिळवून तेथेच व्यवसाय सुरू केला.

त्यांचा लौकिक किती होता, हे १७८४ सालच्या एका घटनेवरून कळते. मेस्मर नावाच्या वैद्याने त्या काळी पॅरिसला वेड लावले होते. प्राण्यांच्या देहातील अदृश्य चुंबकशक्तीने आपण रोग बरे करतो, असा त्याचा दावा होता. राजा सोळाव्या लुईने या दाव्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्राचे जनक लव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बायी होते आणि डॉ. गिलोटिनही होते. रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेल्या प्रयोगांनंतर आयोगाने निष्कर्ष काढला की, चुंबकशक्ती वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे. या सहकाऱ्यांपैकी दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. ती पुढे पुन्हा येणार आहेत.

राजकारणात ते आले ते लेखणीच्या बळावर. १७८८ च्या अखेरीस त्यांनी पॅरिसच्या नागरिकांच्या वतीने एक अर्ज छापला. धर्मगुरू आणि सरदार या दोन वर्गांना मिळून जेवढे प्रतिनिधी, तेवढे एकट्या सामान्य जनतेला मिळावेत, अशी त्यात मागणी होती. या पुस्तिकेबद्दल पॅरिसच्या उच्च न्यायालयाने त्यांना जाब विचारला. परिणामी ते अधिकच लोकप्रिय झाले आणि १७८९ मध्ये पॅरिसमधून प्रतिनिधी म्हणून निवडून आले. २० जून रोजी सभागृहाची दारे बंद आढळली, तेव्हा जवळच्या टेनिसच्या क्रीडागृहात जमण्याची सूचना त्यांचीच. तेथे बायी यांच्या अध्यक्षतेखाली घेतलेली शपथ फ्रान्सच्या इतिहासात अमर झाली. सूचना करणारा मात्र विस्मृतीत गेला.

त्या काळच्या फ्रान्समध्ये मरणालाही जात होती. सरदाराने गुन्हा केला तर तलवारीने शिरच्छेद, सामान्याने केला तर फाशी, दरोडेखोराला चाक. १७५७ मध्ये राजावर चाकूने हल्ला करणाऱ्या दामियाँला पॅरिसच्या चौकात घोड्यांकरवी फाडण्यात आले आणि हजारो लोकांनी ते पाहिले. तलवारीचे मरण तरी सुखाचे होते काय? तेही नाही. हिंदुस्थानात इंग्रजांकडून वांदिवाश येथे पराभूत झालेला आणि पुदुच्चेरी गमावणारा फ्रेंच सेनापती लाली याचा १७६६ मध्ये पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला, तेव्हा पहिला घाव नीट बसला नाही. पुढे शिक्षेचा निकाल रद्द करून घेण्यासाठी त्याचा मुलगा वर्षानुवर्षे झगडला. हा मुलगाही १७८९ च्या राष्ट्रसभेचा सदस्य होता.

१० ऑक्टोबर १७८९ रोजी डॉ. गिलोटिन यांनी राष्ट्रसभेपुढे आपला प्रस्ताव ठेवला. त्यात सहा कलमे होती. गुन्हा सारखा असेल तर शिक्षा सारखी, मग गुन्हेगार कोणत्याही कुळातला असो. मृत्युदंड द्यायचाच असेल तर सर्वांना एकच, एका साध्या यंत्राने शिरच्छेद. गुन्हेगाराच्या कुटुंबाला कलंक लावू नये. नातेवाइकाच्या शिक्षेवरून कोणालाही हिणवू नये. मालमत्ता जप्त करू नये. मृतदेह मागितल्यास कुटुंबाला द्यावा आणि दफनाच्या नोंदीत मरणाच्या प्रकाराचा उल्लेख नसावा. सहापैकी केवळ एका कलमात यंत्र होते, उरलेल्या पाचांत माणूस होता. पण जगाने लक्षात ठेवले ते यंत्रच.

याला काही अंशी त्यांचे वक्तृत्वही कारणीभूत ठरले. १ डिसेंबरच्या चर्चेत उत्साहाच्या भरात ते बोलून गेले की, या यंत्राने पापणी लवण्याच्या आत डोके उडेल आणि मानेवर किंचित गारवा जाणवण्यापलीकडे काही कळणारही नाही. सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी काहींना पुढे तो गारवा अनुभवावा लागला. राजनिष्ठांच्या एका उपहासपत्राने लगेच गाणे रचले आणि अस्तित्वात नसलेल्या त्या यंत्राचे नामकरणही करून टाकले. यंत्र जन्माला येण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ आधीच त्याचे बारसे झाले होते.

२१ जानेवारी १७९० रोजी समान शिक्षा, निष्कलंक कुटुंब, जप्तीला मनाई आणि मृतदेहाचा हक्क ही कलमे मंजूर झाली. यंत्राचा प्रश्न मागे पडला. १७९१ च्या मे महिन्यात मृत्युदंड मुळातच ठेवावा काय, यावर राष्ट्रसभेत मोठी चर्चा झाली. तो रद्द करावा असे ठासून सांगणाऱ्यांत आरास शहराचा एक वकील होता. त्याचे नाव मॅक्सिमिलियन रोबस्पिएर. सभेने त्याचे ऐकले नाही. देहान्त शासन कायम राहिले आणि ते केवळ शिरच्छेदानेच व्हावे, असे ठरले.

आता अडचण आली ती जल्लादाची. पॅरिसचा जल्लाद शार्ल आँरी सान्साँ याने लेखी कळवले की, तलवार दरवेळी बोथट होते, अपराध्याने निश्चल राहावे लागते आणि एकामागून एक अनेकांना मारायचे झाल्यास पुढच्यांचा धीर खचतो. मग शल्यवैद्यक अकादमीचे सचिव डॉ. आंत्वान लुई यांच्याकडे काम सोपवण्यात आले. मार्च १७९२ मध्ये त्यांनी यंत्राचा आराखडा दिला. कल्पना अगदीच नवी नव्हती. स्कॉटलंडमध्ये ‘मेडन’ नावाचे तशाच धर्तीचे यंत्र कैक वर्षे वापरात होते. सरकारी सुताराने पाच हजार लिव्रांहून अधिक खर्च सांगितला, म्हणून हार्प्सिकॉर्ड ही वाद्ये बनवणाऱ्या टोबियास श्मिट नावाच्या जर्मन कारागिराने ते स्वस्तात करून दिले. बिसेत्र येथील रुग्णालयात प्रेतांवर चाचणी झाली. २५ एप्रिल १७९२ रोजी पेलतिए नावाच्या वाटमाऱ्यावर त्याचा पहिला प्रयोग झाला. यंत्र तयार होईपर्यंत या माणसाला काही महिने मरणाची वाट पाहत ठेवले होते. दयेच्या यंत्राने आपल्या पहिल्याच माणसाला दिलेली ही यातना कोणाच्या हिशेबात धरली गेली नाही. जमलेली गर्दी मात्र निराश झाली. सारे फारच लवकर संपले होते.

काही दिवस यंत्राला डॉ. लुई यांच्यावरून ‘लुईसेट’ म्हणत. ते नाव टिकले नाही. गाण्यातले नाव टिकले.

मंजूर झालेल्या त्या कलमांना बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २१ जानेवारी १७९३ रोजी, राजा सोळावा लुई या यंत्राखाली गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बायी गेले. मे १७९४ मध्ये लव्हाझिए गेले. मेस्मरचा दावा तपासणाऱ्या त्या आयोगातले हे दोघे सहकारी. दहशतीच्या त्या पर्वात फ्रान्सभर न्यायालयीन निकालाने सुमारे १७ हजार लोक मारले गेले, त्यांपैकी पॅरिसमध्ये सुमारे २६००. जून आणि जुलै १७९४ या अवघ्या दोन महिन्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक मुंडकी उडाली. जुलैअखेरीस खुद्द रोबस्पिएरही त्याच पात्याखाली आला.

येथेच या कहाणीतला खरा प्रश्न उभा राहतो. तलवारीने हे शक्य झाले असते काय? सान्साँच्या त्या पत्रातच उत्तर आहे. तलवार थकते, जल्लाद थकतो, बघ्यांना शिसारी येते. यंत्र थकत नाही. मरण सोपे करण्यासाठी जे बनवले, त्याने मारणेही सोपे केले. डॉ. गिलोटिन मृत्युदंडाच्याच विरोधात होते आणि यंत्र ही त्या दिशेची पहिली पायरी होती, असे अनेकजण लिहितात. त्यांच्या सहा कलमांत मात्र मृत्युदंड रद्द करा, असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांनी रीत बदलायला सांगितली, शिक्षा नव्हे.

वेदनाविरहित मरणाचा दावाही फार काळ निर्विवाद राहिला नाही. १७९५ मध्येच जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग यांनी, धडावेगळ्या डोक्यात काही काळ जाणीव शिल्लक राहते, असे मत मांडले. फ्रेंच वैद्य काबानीस यांनी ते खोडून काढले. ज्यांना खरे ठाऊक होते, ते सांगायला परत येऊ शकत नव्हते.

डॉ. गिलोटिन स्वतः १७९१ नंतर राजकारणातून बाहेर पडून रुग्णसेवेकडे वळले. १८०० मध्ये पॅरिसमध्ये देवीच्या लसीचा प्रसार करणारी समिती स्थापन झाली, तिच्या कार्यात ते अग्रभागी होते आणि तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. जेन्नरची ही लस जून १८०२ मध्ये मुंबईत पोहोचली आणि अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. या लसीने वाचवलेल्या जिवांची गणती करणेही कठीण. पण लसीला कोणी गिलोटिनांचे नाव दिले नाही. २६ मार्च १८१४ रोजी पॅरिसमध्ये, खांद्यावर झालेल्या काळपुळीने, त्यांना स्वतःच्या घरी मृत्यू आला. त्याच आडनावाच्या लियाँच्या एका डॉक्टरचा शिरच्छेद झाला होता. त्यावरून पुढे गैरसमज पसरला असावा.

यंत्र त्यांच्यामागे दीडशेहून अधिक वर्षे जगले. त्याचा शेवटचा वापर सप्टेंबर १९७७ मध्ये मार्सेय येथील तुरुंगात झाला. १९८१ मध्ये न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या पुढाकाराने फ्रान्सने मृत्युदंडच रद्द केला.

मात्र कमी वेदनेच्या मरणाचा शोध थांबलेला नाही. अमेरिकेत १८९० मध्ये विजेची खुर्ची आली, तीही दयेच्या नावाने. तिचा पुरस्कार एका दंतवैद्याने केला होता. १९८२ मध्ये विषारी इंजेक्शन आले, त्याचे सूत्र एका सरकारी वैद्याने सुचवले होते. २०२४ मध्ये अलाबामात नायट्रोजन वायू आला. प्रत्येक वेळी आधीची पद्धत क्रूर ठरली आणि नवी मानवी म्हणवली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये फाशीची पद्धत घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. २००३ मध्ये विधी आयोगाने इंजेक्शनचा पर्याय सुचवला आणि २०१५ मध्ये त्याच आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता मृत्युदंडच रद्द करण्याची शिफारस केली. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही दोर कायम आहे.

कसे मारावे, हा प्रश्न वैद्याला आणि कारागिराला विचारता येतो, त्याला उत्तरही मिळते. मारावे काय, हा प्रश्न मात्र समाजाने स्वतःलाच विचारायचा असतो. पहिल्या प्रश्नाचे चोख उत्तर मिळाले की दुसरा विचारण्याची निकड कमी होते. एका भल्या वैद्याच्या नावाला चिकटलेल्या त्या पात्याने दोनशे वर्षांपूर्वी दिलेला धडा हाच आहे.