फाईलच्या नावाला आठच अक्षरं का? गोष्ट गॅरी किल्डॉल यांची

जुन्या कॉम्प्युटरवर फाईलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं, टिंबानंतर फक्त तीन. आठवतंय? हा नियम रूढ केला गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमने.

१९४२ साली सिएटलमध्ये जन्मलेल्या किल्डॉल यांनी ती १९७४ मध्ये लिहिली. फ्लॉपीवर जागा तुटपुंजी, म्हणून फाईलच्या नावाला ११ बाइट्सच! लांबीही १२८ बाइट्सच्या तुकड्यांत मोजायची; मजकूर नेमका कुठे संपला हे कळायला कंट्रोल-झेडची खूण लागे.

याच धर्तीवर दुसऱ्यांनी बनवलेली सिस्टीम मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ मध्ये ती आयबीएम पीसीवर आली. किल्डॉल यांचे नियम घरोघरी पोहोचले, त्यांचं नाव मात्र मागे पडलं. १९९४ मध्ये ५२व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी विंडोज ९५ मध्ये लांब नावं आली.