मुलाच्या दारी शाळा नेणाऱ्या ताराबाई



अंगणवाडी हा शब्द आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आणि वस्तीवर रोज कानावर पडतो. खाऊ मिळतो, वजन होते, लस टोचली जाते ती जागा, एवढीच तिची ओळख पुष्कळांच्या मनात असते. परंतु या शब्दामागे एका मराठी बाईची आयुष्यभराची तपश्चर्या आहे. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरीही, शिष्य मोठेपणावरून वाद घालत असताना प्रभू येशूने एका बालकाला मध्ये उभे केले, त्या प्रसंगाचा अर्थ त्यांच्या आयुष्याकडे पाहून आपल्याला अधिक चांगला कळतो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. त्यामुळे मुलींना घराबाहेर पाठवणेही कठीण होते त्या काळात ताराबाई कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मोठ्या पगाराची, मानाची जागा होती ती. पण शिक्षणाचा पाया त्याच्याही आधी, अगदी लहानपणी घातला जातो, हे त्यांच्या मनाने घेतले. १९२३ साली ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाई हे मुळात वकील. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांनी ते भारले गेले होते. मॉन्टेसरीबाई आपल्याच कॅथोलिक श्रद्धेच्या. १९०७ साली, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी रोममधल्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर चाळीत हुंदडणारी ती मुले. बालकाचे मन म्हणजे कोरी पाटी, मोठ्यांनी तिच्यावर लिहायचे, असा विचार तत्त्वज्ञानात फार काळ चालत आला होता. मॉन्टेसरीबाईंनी डॉक्टरच्या नजरेने मुलांचे निरीक्षण केले. त्यांना दिसले ते असे, की मूल स्वतःच्या हातांनी काम करता करता शिकते, आणि त्याला योग्य वस्तू, मोकळीक व शांतता दिली तर ते तासन् तास एकाग्र होते. म्हणजे पाटी कोरी नसते. देवाने बीज आधीच पेरलेले असते, आपण फक्त माती भुसभुशीत ठेवायची.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलांना मारू नये, भीती घालू नये, बक्षिसाची लालूच दाखवू नये, ही त्यांची शिकवण आईबापांना त्या वेळी विचित्र वाटे. ‘शिक्षण पत्रिका’ या मासिकातून ताराबाईंनी ती घराघरांत पोचवली. पुढे त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. तिथे मुलांबरोबर शिक्षिकाही तयार होऊ लागल्या.

सगळे छान चालले होते. पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. रोममध्ये जी पद्धत गरिबांच्या मुलांसाठी जन्मली, ती आपल्याकडे सुखवस्तू घरांपुरती राहिली होती. तिची साधने महाग. १९३१ साली लंडनमध्ये मॉन्टेसरीबाईंची गांधीजींशी भेट झाली, तेव्हा गांधीजींनीही हीच इच्छा सांगितली होती, की असे शिक्षण खेड्यातल्या दरिद्री मुलांना मिळावे.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुले येईनात. कुणाच्या अंगावर कपडा नव्हता, कुणाला गावात यायचा संकोच. दुसऱ्या कुणी म्हटले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्याच अंगणात सतरंजी पसरली गेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आणि चिकणमाती आली. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे आणखी एक अडचण समजली. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मग त्या तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, असे तिन्ही एका जागी आणले. तिला नाव दिले विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, ते काम सांभाळले.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. एका वस्तीतल्या अंगणाचे नाव देशभर गेले.

ताराबाईंनी अनुभवाने जे ओळखले, त्याला पुढच्या संशोधनाने पुष्टी दिली आहे. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते, आणि तिला अन्नाइतकीच बोलण्या-खेळण्याची गरज असते. जमैका देशातल्या किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ गरीब बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षे जात असे. घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, त्याच्याशी कसे बोलावे, हे ती आईला दाखवी. वीस वर्षांनी पाहिले, तर या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आईला दिलेला थोडासा आधार एवढा दूरवर पोचला.

आता आपल्याकडे पाहू. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान लेकरे सोबत जातात, कोपीत राहतात. आई पहाटे फडात गेली की धाकट्याला मोठी बहीण सांभाळते. कोसबाडच्या त्या मुलीसारखीच. पाच-सहा महिने गावची अंगणवाडी सुटते, आणि ते दिवस नेमके वाढीचे असतात. आईबापांचे प्रेम कमी आहे असे कोण म्हणेल? पोटासाठी जावे लागते. म्हणून प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

धर्मग्राम म्हणून आपण तीन गोष्टी करू शकतो. जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी गावच्या अंगणवाडी ताईंना आपले ठिकाण सांगावे, आणि तिथे पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत मुलांची नोंद करून मागावी. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत पण एकट्याने लेकरे सांभाळणे त्यांना जड जाते, तिथे शेजारच्या दोन-तीन ख्रिस्ती घरांनी पाळीपाळीने हात द्यावा. आणि प्रत्येक घरात रोज थोडा वेळ, मोबाइल बाजूला ठेवून, लहान मुलाशी बोलावे, त्याला गोष्ट सांगावी. त्याला खर्च लागत नाही.

यंदा ज्यांच्या घरची माणसे ऊसतोडीला जाणार आहेत, त्यांनी सहा वर्षांखालील मुलांची नावे रविवारच्या मिस्सानंतर मला किंवा सिस्टरांना द्यावीत. हात देऊ शकतील अशा घरांनीही आपली नावे द्यावीत. यादी झाली की शेजारपाजारची घरे कशी जोडायची ते आपण एकत्र बसून ठरवू.

बालकांवर प्रीती करणारा प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू