सुरतेतून दिसणारे शिवाजी महाराज

आमच्या गणेशोत्सवात मुलांचे नाटक ठरलेलेच असते आणि दर दोन-तीन वर्षांनी ते शिवाजी महाराजांवर असते. प्रतापगड झाला, पन्हाळा झाला, आग्र्याचे पेटारे तर दोनदा झाले. पेटाऱ्यांना साड्यांचे रिकामे खोके चालतात आणि खोक्यांना सुरतेत काय तोटा! पण इतक्या वर्षांत एक प्रवेश आम्ही कधी बसवला नाही, तो सुरतेचा. कुणी ठराव करून वगळला असे नाही. समोर बसलेल्यांत निम्मे शेजारी गुजराती, वर्गणी त्यांचीही असते, आरतीला तेही उभे असतात. मग कशाला, असे मनातल्या मनात होत आले.

यंदा तालमीच्या पहिल्याच दिवशी सहावीतल्या एका मुलाने सर्वांदेखत विचारले, की महाराज आपल्या गावात आले होते, मग तेच का दाखवत नाही? वर्गातल्या मित्राने त्याला तुमच्या राजाने आमचे गाव लुटले म्हणून ऐकवले होते. आम्ही सात-आठ मोठी माणसे तिथे होतो. एकालाही धड उत्तर देता आले नाही. महाराजांचे चरित्र आपल्याला पाठ आहे असे आम्ही समजत होतो. ते पुन्हा वाचायला घेतले, या वेळी सुरतेत बसून.

१९ फेब्रुवारी १६३० चा शिवनेरीवरचा जन्म, विजापूरच्या चाकरीत असलेले वडील शहाजीराजे, पुण्याच्या जहागिरीत जिजाऊंनी केलेली जोपासना, तोरणा, राजगड, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली पडलेला अफझलखान, हे सारे वाचकांना सांगायला नको. सुरतेचे कारण मात्र त्यानंतरच्या तीन वर्षांत आहे. औरंगजेबाचा मामा शाइस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात येऊन बसला तो १६६० साली. मुलूख उजाड झाला, शेते तुडवली गेली, वसूल बुडाला. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शिरून त्याची बोटे तोडली आणि तो गेला. नाटकात इथे पडदा पडतो, टाळ्या होतात. पण खान गेला तरी रिकामा खजिना भरत नाही आणि सैन्याचा पगार थांबत नाही. मोगलांनी केलेले नुकसान मोगलांकडूनच वसूल करायचे, तर त्यांची सर्वांत श्रीमंत पेठ कोणती? सुरत. हजच्या यात्रेकरूंचे बंदर, जकातीचे मोठे ठाणे, आणि शहराभोवती धड कोटसुद्धा नाही.

जानेवारी १६६४ मध्ये महाराज गणदेवीवरून उधन्याला आले. होय, आपल्याच उधन्याला, जिथे आज गल्लोगल्ली मराठी गणपती बसतात. तिथून त्यांनी सुभेदार इनायतखानाला निरोप धाडला, की त्याने आणि शहरातल्या तीन मोठ्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणीचे बोलणे करावे. उत्तर आले नाही. खान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांनी बऱ्हाणपुरी दरवाजाबाहेरच्या बागेत तळ दिला आणि पुढचे चार दिवस शहर लुटले गेले. वीरजी व्होरा हे त्या काळातले जगातल्या मोठ्या सावकारांपैकी एक; त्यांचा वाडा फोडला गेला. हाजी झाहिद बेग यांचीही वखार लुटली गेली. गावाचा बराच भाग जळाला. किल्ल्यावरच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा गावाचेच नुकसान जास्त केले. जॉर्ज ऑक्झिंडेनने इंग्रजांची वखार लढवून वाचवली, डचांनी आपली. लुटीचा आकडा कुणी कोटी रुपये सांगतो, कुणी कमी.

यातला एक प्रसंग आम्हाला रात्रभर झोपू देईना. इनायतखानाने बोलण्यासाठी म्हणून एक तरुण पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. शरीररक्षकाने त्याचा हात तोडला, तरी झेपेच्या जोराने तो महाराजांवर आदळला आणि दोघे जमिनीवर पडले. महाराजांच्या अंगावर रक्त दिसले, तेव्हा राजा गेला असे वाटून कैद्यांची कत्तल करा अशी ओरड झाली. महाराज उठून उभे राहिले आणि कत्तल थांबवली. त्यानंतर मात्र काही कैद्यांची डोकी आणि काहींचे हात तोडले गेले. त्या कैद्यांत अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रज होता, तो वाचला, आणि त्याच्या तोंडून हे इंग्रजांच्या कागदांत उतरले. इंग्रज शत्रुपक्षाचे, मान्य. पण त्यांनी मराठ्यांच्या राजाचे धैर्य लिहिले ते खरे आणि हात तोडल्याचे लिहिले ते खोटे, अशी निवड आम्हाला करता येईना.

त्याच चार दिवसांतली दुसरी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाची आहे. कापुचिन पाद्री आम्ब्रोझ यांच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही, कारण ते सज्जन म्हणून गावात प्रसिद्ध होते. मोहनदास पारेख हे डचांचे दलाल वारले होते, तरी त्यांनी हयातीत केलेल्या दानधर्माची आठवण ठेवून त्यांचे घर सोडले गेले. पारेखांचे घर पाठ्यपुस्तकांनी विसरले आणि तोडलेले हातही.

नायक आपल्याला पूर्ण लागतो, हीच अडचण. बहिर्जी नाईकांचे पाहा. वासुदेव, फकीर, गोंधळी अशी सोंगे घेत ते सुरतेत फिरले, हे आम्ही लहानपणापासून पाहिल्यासारखे सांगतो. सभासदाच्या बखरीत त्यांच्याबद्दल आहे ते इतकेच, की त्यांनी सुरतेहून येऊन तिथे अमाप द्रव्य मिळेल अशी खबर दिली. बाकीची सोंगे कथा-कादंबऱ्यांनी चढवली. एका ओळीच्या टिपणावर केवढी मोठी फाइल उभी राहते, हे सरकारी नोकरीत आम्ही रोज पाहतो, तरी या फाइलीवर शेरा मारायला हात धजत नाही. खोटे म्हणून नव्हे. नाव नसलेल्या कितीतरी हेरांचे कष्ट त्या एका नावावर जमा झाले आहेत.

पुढचे चरित्र वेगाने घडले. त्याच वर्षी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, १६६६ ला आग्रा. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले आणि परतताना दिंडोरीजवळ मोगलांना हरवून लूट सुखरूप घेऊन गेले. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील म्हणून नजराणा घेऊन उभा होता तो हेन्री, आडनाव पुन्हा ऑक्झिंडेनच. वखार लढवणारा जॉर्ज तोवर वारला होता. त्याची भलीमोठी कबर कतारगाम दरवाजाजवळ आहे. आम्ही इतकी वर्षे तिच्यावरून जातो, कधी थांबलो नव्हतो. ३ एप्रिल १६८० ला महाराज रायगडावर गेले, वय अवघे पन्नास.

वाचून झाले तरी त्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला. उत्तराच्या जवळ आम्हाला नेले ते शेजारच्या बांनी. त्या सुरतेच्याच, सात पिढ्यांच्या. गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांनी आपली तिन्ही मुले शिवाजीच्या पाळण्यावर झोपवली. हे गुजराती हालरडे झवेरचंद मेघाणींचे, आणि गुजरातेत ते घरोघर माहीत आहे. त्यात जिजाबाई बाळ शिवाजीला झोके देतात. लुटल्या गेलेल्या गावात लुटणाऱ्याचाच पाळणा म्हणायला बांना काही अडचण वाटते का, हे विचारण्याचा धीर आम्हाला होत नव्हता, पण विचारले. त्यांनी थोडा विचार केला. गाव जळले ते वाईटच झाले, पण पाळण्यातला पोर तो तो नव्हे, असे काहीसे गुजरातीत सांगून त्या उठल्या; गॅसवर दूध होते.

तर यंदा सुरतेचा प्रवेश होणार आहे. उधन्याचा निरोप, बागेतला तळ, खंजीर, थांबवलेली कत्तल आणि पारेखांचे घर, एवढे घेतले आहे. हात तोडण्याचे दाखवायचे नाही, पण निवेदकाने सांगायचे, यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी कसेबसे एकमत झाले. प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच निवेदक केले आहे. सुरुवातीला बा हालरडे म्हणतील. वीरजी व्होरांचे काम त्यांचा नातू करतो आहे. त्याच्यासाठी पगडी अजून मिळालेली नाही. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी सुरती पगडी असेल तर तालमीच्या वेळी आणून द्यावी, जपून वापरून परत करू.