रक्ताची साक्ष

माझी उमेदीची वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, उपकरणात सरकवायचा. जांभळट-निळा प्रकाश पडला की तांबड्या पेशींतले झिंक प्रोटोपॉर्फिरिन लालसर चमकते. ती चमक मोजायची. काम मिनिटभराचे. पण नमुना बॅटरी कारखान्यातल्या कामगाराचा असला की मला हटकून डॉ. ॲलिस हॅमिल्टन आठवत. त्यांच्या उमेदीच्या काळात असले उपकरण नव्हतेच.

हॅमिल्टनबाईंचा जन्म १८६९ चा. अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावी खात्यापित्या घरात त्या वाढल्या, १८९३ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८९७ मध्ये शिकागोच्या हल हाऊसमध्ये राहायला गेल्या. जेन ॲडम्स यांनी स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत चालवलेली ही संस्था. शिशाने हात लुळे पडलेल्या रंगाऱ्यांच्या कहाण्या बाईंच्या कानी आल्या त्या तिथेच.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांची पाहणी त्यांच्याकडे सोपवली. पुढे केंद्र सरकारसाठी हेच काम करताना तर कारखान्यात शिरण्याचा हक्कही त्यांना नव्हता. मालकाच्या मर्जीने जायचे. मग बाई इस्पितळांची दप्तरे चाळत, कामगारांच्या घरी जाऊन बसत. न्हाणीच्या टबांना मुलामा देणारा एक पोलिश कामगार शिशाच्या विषबाधेने आजारी पडला होता. कारखान्यात बाईंना जे काम दाखवले गेले, त्यात शिशाचा मागमूस नव्हता! त्याच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. तापून लाल झालेल्या टबावर पूड भुरभुरण्याचे खरे काम दुसरीकडेच चाले. त्या मुलाम्याचा नमुना मिळवून तपासला, तर शिसे निघाले.

बाई दारोदार हिंडून जे गोळा करत, ते तांबडी पेशी स्वतःच टिपून ठेवते. हिमोग्लोबिन घडताना प्रोटोपॉर्फिरिनच्या कड्यात लोह बसायला हवे. शिसे ते बसू देत नाही आणि जस्त ती जागा पटकावते. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे तीन-चार महिन्यांचा हिशेब तिच्यात शाबूत. अर्थात लोहाच्या कमतरतेनेही हा आकडा चढतो, आणि आपल्याकडे तसला रक्तक्षय घरोघर. म्हणून रक्तातले शिसेही मोजावेच लागते.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना अध्यापक नेमले. तिथल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. पण फॅकल्टी क्लबात पाऊल टाकायचे नाही आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, या अटींवर. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही सहायक प्राध्यापकच! १९२५ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांनी पेट्रोलात शिसे मिसळण्याला विरोध केला. तिथे त्या हरल्या. आपल्याकडे ते पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले.

२२ सप्टेंबर १९७० ला, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखालच्या १९७८ च्या नियमांनी शिशात काम करणाऱ्यांच्या रक्तातले शिसे आणि झिंक प्रोटोपॉर्फिरिन मालकाने स्वखर्चाने तपासावे असे ठरले. शिसे मर्यादेबाहेर गेले तर कामगाराला तिथून हलवायचे, पण पगार कापायचा नाही.

ही पगाराची अट मला फार मोलाची वाटते. एकदा एका कामगाराने अहवाल घेण्याआधी हळूच विचारले होते, आकडा थोडा कमी लिहिता येईल का, नाहीतर कायमचे घरी बसवतील. मी होता तोच आकडा लिहिला. तो पुन्हा तपासणीला आला नाही.