खाशाबा जाधव : मातीतला मल्ल, गादीवरचा पराक्रम

कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनाला पैलवानाविषयीचे मत विचारावे लागत नाही. खासबाग मैदानातून बाहेर पडता पडताच त्याची टीका सुरू होते. जोड तोलामोलाची होती का, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविण्याची घाई केली का, उत्तरेतून आलेला मल्ल खरोखर दमला होता की केवळ इनामापुरता खेळला, या प्रश्नांचा काथ्याकूट तालमीच्या कट्ट्यावर आणि चहाच्या गाड्यावर पुढचे मैदान भरेपर्यंत चालतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले हे मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. तेव्हापासून या नगरीत कुस्ती हा राजाश्रयाचा, लोकाश्रयाचा आणि पैलवानाच्या पोटापाण्याचाही विषय झाला. मात्र शौकिनांच्या मोजमापात एक गोष्ट नेहमीच वरचढ राहिली, ती म्हणजे देहाची भव्यता. मोठ्या इनामाची कुस्ती सर्वांत शेवटी लागते आणि ती धिप्पाड मल्लांचीच असते. हलक्या अंगाच्या पैलवानाने दुपारच्या उन्हात, मैदान अर्धे रिकामे असताना लढावे, ही रीतच होती.

अशा या कोल्हापुरात १९४० च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम साडेपाच फुटांचा एक तरुण शिकण्यासाठी आला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देण्याचा मान पुढे त्याच्याच वाट्याला आला.

घरातली तालीम

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नाणावलेले पैलवान. पाच मुलांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरविले. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केल्याची आठवण त्या भागात सांगितली जाते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण झाले. तो काळ सातारा जिल्ह्यात भूमिगत चळवळीने पेटलेला होता. १९४२ च्या आंदोलनातील क्रांतिकारकांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोहोचविणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केली.

शालेय शिक्षण आटोपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथील पहिला प्रसंग बोलका आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव नोंदविण्यासाठी ते गेले असता त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि अंगाने व वयाने मोठ्या असलेल्या स्पर्धकांना या तरुणाने एकामागून एक लोळविले. ते प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. या भेटीतून जुळलेला स्नेह पुढे भारतीय क्रीडा इतिहासातील एका मोठ्या घटनेला कारणीभूत ठरला.

कोल्हापुरात बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. ताकदीपेक्षा चपळाई, आणि रेटारेटीपेक्षा डावाची नेमकी वेळ, हे त्यांच्या कुस्तीचे बलस्थान होते. प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला भिरकावून देणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. वजनदार मल्लांच्या कुस्तीत ताकद आजमावण्यातच बराच वेळ जातो. खाशाबांची कुस्ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत असे. दर्दी मंडळींनी ही गुणवत्ता लवकर ओळखली, तरीही मोठ्या इनामाच्या जोडीत या बांध्याला स्थान नव्हते. ऑलिम्पिकच्या कुस्तीत मात्र वजनगट होते. तेथे हलक्या अंगाचा मल्ल दुय्यम ठरत नव्हता. खाशाबांच्या कलेला योग्य ठरणारे मैदान खरे तर सातासमुद्रापलीकडेच होते.

लंडनची शिकवण

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. संस्थानच्या राजाश्रयाची ती जवळजवळ अखेरची पर्वणी होती. लंडनमध्ये खाशाबांसमोरचा मोठा अडसर प्रतिस्पर्ध्यांचा नव्हता, तो गादीचा होता. लाल मातीत पाय रोवून खेळणाऱ्या मल्लाला गादीवरची पकड, तेथील नियम आणि गुणांची पद्धत नवखी होती. मातीत पाठ लागली की कुस्ती संपते, आणि जोवर पाठ लागत नाही तोवर ती चालते. गादीवर मात्र घड्याळ आणि पंचांची पाटी या दोहोंशीही झुंजावे लागते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी हे नवे शास्त्र थोड्या अवधीत आत्मसात केले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरविले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला. अंतिम क्रमवारीत ते सहावे आले. गादीचा सराव नसलेल्या मल्लाची ही कामगिरी थोडी नव्हती. परतल्यानंतरची चार वर्षे त्यांनी वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटाची तयारी करण्यात घालविली.

राजाश्रय संपला, प्राचार्य उभे राहिले

या चार वर्षांत कोल्हापूर बदलले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मल्लांचा खुराक, परदेशवारी, इनामे यांचा भार ज्या दरबारावर असे, तो दरबार उरला नाही. त्याची जागा घेईल अशी व्यवस्था नव्या शासनाने अद्याप उभी केलेली नव्हती. या पोकळीतच खाशाबांची हेलसिंकीची वाट अडली.

आधी निवडीचाच प्रश्न होता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी एक गुण हेतुतः कमी दिल्याची खाशाबांची तक्रार होती. हा निर्णय मान्य न करता त्यांनी कुस्तीचे मोठे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांच्या पुढाकाराने पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला झटपट चीत करून वाद निकालात काढला.

निवड झाली, पण पैसा नव्हता. जाधव कुटुंबाने आणि गोळेश्वर परिसरातील ग्रामस्थांनी झोळी फिरविली. कोणी रोख रक्कम दिली, कोणी शिधा दिला. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर स्वतःचे छप्पर पणाला लावावे, याचे दुसरे उदाहरण क्रीडा इतिहासात शोधूनही सहज सापडणार नाही.

हेलसिंकी, जुलै १९५२

फिनलंडच्या राजधानीत खाशाबांनी सुरुवात दणक्यात केली. कॅनडाचा आद्रियाँ पोलिकँ आणि मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो यांना त्यांनी चीत केले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर त्यांनी पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा कौलाने मात केली. पुढे गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ज्यूदोतून कुस्तीकडे वळलेला हा मल्ल विलक्षण चिवट होता. दीर्घकाळ चाललेली ती लढत इशीने गुणांवर जिंकली. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक याच इशीचे होते, यावरून त्या लढतीचा दर्जा ध्यानी यावा.

त्यानंतरचा प्रसंग आजही हळहळ लावतो. इशीशी झुंजून थकलेल्या खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध उतरावयास सांगण्यात आले, असे सांगितले जाते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो निदर्शनास आणून देण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकटा मल्ल काय दाद मागणार? खाशाबा उतरले आणि गुणांवर हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य असा निकाल २३ जुलै १९५२ रोजी लागला. त्याच पथकातील केशव माणगावे यांचे फेदरवेट गटातील पदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले. खाशाबांनी गमावलेल्या दोन्ही कुस्त्या गुणांवरच्या होत्या. त्या गटातील एकाही मल्लाला त्यांची पाठ जमिनीला लावता आली नाही, ही गोष्ट मातीच्या मोजमापातही मोठीच ठरते.

हॉकी संघाने त्याच ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक राखले. देशाचे डोळे तिकडेच लागले होते. कुस्तीतील कांस्यपदकाचे मोल दिल्ली-मुंबईला फारसे उमगले नाही. कराडला मात्र ते पुरते उमगले. खाशाबा रेल्वेने परतले तेव्हा स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाच्या त्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले.

ऋणमुक्ती

सत्कारांची धामधूम ओसरताच खाशाबांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती आपले ऋण फेडण्याची. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविण्यात आले. ऑलिम्पिकवीर स्वतः त्यात लढला, जिंकला, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविण्यात आले. गादीवरच्या पराक्रमासाठी काढलेले कर्ज अखेर मातीतल्या कुस्तीनेच फेडले. खासबागेतल्या शौकिनाच्या खिशातून आलेला तिकिटाचा पैसा असा नकळत ऑलिम्पिक पदकाला लागला. तालीमवाले आणि ऑलिम्पिकवाले यांच्यात पुढे जे वाद होत राहिले, त्यांतील दोन्ही बाजूंनी हा हिशेब आठवणीत ठेवण्यासारखा आहे.

खाकी वर्दीतील वर्षे

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजविल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. तथापि बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. हयातीत शासनाने त्यांची घेतलेली ठळक दखल ती एवढीच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

दरम्यानच्या काळात कोल्हापूरची कुस्ती आपल्या वाटेने भरभराटीला आली होती. शाहूपुरी तालमीचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली. गदा आणि फेटा मिळविणाऱ्या मल्लांच्या हकिगती शौकिनांच्या ओठांवर राहिल्या. खाशाबांच्या हेलसिंकीतील कुस्त्या मात्र कोल्हापुरात कोणी पाहिलेल्याच नव्हत्या. ज्या कुस्तीचा खल कट्ट्यावर झाला नाही, ती कुस्ती लोकांच्या स्मरणात रुजणार तरी कशी? खाशाबांच्या उपेक्षेला सरकारी अनास्था कारण होतीच. परंतु आपल्या पाहण्याच्या सवयीचाही त्यात वाटा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

उशिराचे मानसन्मान

मान मिळाले, ते मृत्यूनंतर. राज्य शासनाचा छत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, तर केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा. १९९६ मध्ये अटलांटात लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा ४४ वर्षांपूर्वीच्या त्या पदकाची देशाला नव्याने आठवण झाली. कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी तर २००८ च्या बीजिंगमधील सुशीलकुमारपर्यंत, म्हणजे ५६ वर्षे थांबावे लागले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले. हयातीत पद्म किताब मात्र त्यांना लाभला नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. खाशाबांनंतर ऑलिम्पिकचे वैयक्तिक पदक मिळविणारा तो महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. मध्ये ७२ वर्षे लोटली होती. त्या संध्याकाळी कोल्हापुरात फटाके वाजले आणि जाणत्यांच्या बोलण्यात गोळेश्वरच्या त्या बुटक्या पैलवानाचे नाव आपसूक आले. त्याच्या जोडीने बॅरिस्टर खर्डेकरांचे नावही यावयास हवे. मल्ल मातीत घडतो हे खरेच. परंतु त्याला गादीपर्यंत पोहोचविण्यासाठी कोणाला तरी आपले घर पणाला लावावे लागले होते, हे विसरून चालणार नाही.